डिलाईल रोडची कोंडी, जेट इंजिनात

सांताक्रूझहून विमान सुटताना इंजिनाच्या पुढच्या बाजूची सीट मिळाली, तर एक जाडाभरडा घरघराट ऐकू येतो. शेजारचा घाबरून विचारतो, इंजिन बिघडलं की काय? छे! पंख्याच्या पात्यांची टोकं त्या वेळी आवाजालाही मागे टाकत असतात. प्रत्येक टोकापुढे एक शॉक वेव्ह उभी असते, आणि कानावर येते ती तिचीच कुरकुर.

नासानं 1970च्या दशकात चाचण्यांसाठी केलेला, हवा दाबणारा फिरता पंखा 'रोटर 37' बघा. व्यास जेमतेम अर्धा मीटर, पाती 36, फेरे मिनिटाला 17,188! टोकाचा वेग सेकंदाला 454 मीटर. आवाज धावतो साधारण 340 नं. समोरून येणारी हवा धरली, तर टोकाला ती आवाजाच्या जवळजवळ दीडपट वेगानं भिडते. तिथली शॉक वेव्ह मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, पण ती ओलांडली की हवेचा दाब दुपटीच्या वर! आपल्याला दाबच तर हवा होता. मग घोडं अडतं कुठे?

शॉक जितका तिखट, तितकी ऊर्जा वाया. शिवाय पात्याला चिकटून सरकणारा हवेचा मंद थर तिथे अडखळतो आणि पातं सोडून देतो. यावरची तोड मोठी देखणी आहे. शॉकच्या अलीकडे पात्याची पाठ किंचित आत वळवायची. हवा तिथेच जरा धीमी होते, शॉक सौम्य होतो. नुसत्या डोळ्यांना मात्र ते टोक सपाटच दिसेल.

खरी खोडकर जागा पुढेच आहे. पात्याचं टोक आणि बाहेरचं कवच यांतली फट, रोटर 37मध्ये सुमारे 0.36 मिलिमीटर. तिच्यातून दाबाची हवा उलटी निसटते, तिचा भोवरा होतो, तो शॉकला धडकून फुगतो, आणि दोन पात्यांमधली वाट तुंबते.

जुलै 2018मध्ये मुंबईत डिलाईल रोडचा पूल बंद झाला, तेव्हा काय झालं? गाड्या करी रोडच्या पुलाकडे वळल्या आणि तोही तुंबला. इथेही अडलेली हवा शेजारच्या वाटांकडे वळते. एका बाजूच्या पात्याला ती वाकड्या कोनात लागते, म्हणून ती वाट तुंबते; दुसऱ्या बाजूची मोकळी होते. म्हणजे ही कोंडी, अर्थात स्टॉल, जागची हलते आणि गोल फिरू लागते, बऱ्याचदा रोटरच्या साधारण निम्म्या वेगानं! आपली कोंडी 2023पर्यंत पुरली. ही वाढली, तर क्षणात हवा उलटी फिरते आणि इंजिनाच्या तोंडातून ज्वाळाही येऊ शकतात.

उपाय जवळपास अपघातानंच हाती लागला. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सच्छिद्र कवचातून हवा फुंकून पाहत होते. फुंकणं थांबवलं, तरी स्टॉल लांबलेलाच! नुसत्या भोकांनीच काम केलं होतं. तेव्हापासून कवचाला मुद्दाम खाचा पाडून पाहू लागले.

आपल्या पवईच्या आयआयटीत कमी वेगाच्या पंख्यांवर निराळीच युक्ती तपासली गेली. एकामागे एक दोन रोटर, फिरणार एकमेकांच्या उलट. मागचा जास्त जोरात फिरवला, की तो हवा ओढून घेतो आणि पुढच्याला स्टॉल लवकर गाठत नाही.