मॉल पाडून घरं बांधताना: व्हॅल्कोविषयीचे गैरसमज

कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो आपल्याला ठाऊक असतं ते ॲपलच्या गोलाकार मुख्यालयामुळे. त्या मुख्यालयाजवळच, २८० क्रमांकाच्या महामार्गाच्या पलीकडे, साधारण ५० एकरांची एक जागा आहे. १९७६ साली तिथे व्हॅल्को फॅशन पार्क हा बंदिस्त मॉल सुरू झाला. वुल्फ रोडच्या दोन्ही अंगांना दुकानं, आणि त्यांना जोडणारा, रस्त्याच्या डोक्यावरून जाणारा पूल. आत बर्फावरच्या स्केटिंगचं रिंक. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा मॉल पाडायला सुरुवात झाली. त्याच्या जागी २,४०२ घरं, कचेऱ्या आणि दुकानं अशी एक दाट वस्ती उभी करायला मंजुरी मिळाली होती.

या ५० एकरांवरून गावात भांडणं झाली, सार्वमत झालं, कोर्टकचेरी झाली. चांगल्या शाळांसाठी तिथे घर घेतलेली भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, त्यांत मराठीही आहेत. त्यामुळे वादाचे पडसाद त्यांच्या दिवाणखान्यांतही उमटले. वादात बोलली गेलेली बरीचशी वाक्यं मात्र तपासून पाहण्यासारखी आहेत.

‘ऑनलाइन खरेदीने मॉल मारला’

ऑनलाइनचा धक्का बसला हे खरं, पण व्हॅल्कोला उतरती कळा लागली ती त्याच्या कितीतरी आधी. २००० साली अमेरिकेतल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा १ टक्काही नव्हता. आजही तो साधारण १६ टक्क्यांच्या घरात आहे. व्हॅल्कोचं गिऱ्हाईक पळवलं ते सान होजेच्या व्हॅली फेअरसारख्या जवळच्या आणि सतत नव्याने सजणाऱ्या मॉलांनी.

मग व्हॅल्कोने कात का टाकली नाही? कारण ‘मॉल’ नावाची एक मालमत्ता तिथे नव्हतीच. अमेरिकन मॉलमध्ये बड्या दुकानांच्या इमारती आणि त्यांच्या भोवतीची जमीन बहुतेकदा त्या-त्या कंपनीच्या मालकीची असते, मधली गल्ली तेवढी मॉलवाल्याची. शिवाय सगळ्यांमध्ये असा करार असतो की एकाने हरकत घेतली तर दुसऱ्याला पार्किंगची आखणीसुद्धा बदलता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासात एक सभासद अडून बसला की काय होतं, ते आठवावं. २०१४ मध्ये सँड हिल प्रॉपर्टी या कंपनीने सगळे तुकडे विकत घेऊन एकत्र केले, तेव्हाच हात घालण्याजोगी जागा तयार झाली. पाठोपाठ मेसीज, सिअर्स आणि जेसी पेनी ही तिन्ही दुकानं २०१६ पर्यंत बंद झाली.

‘इमारत रिकामीच आहे, त्यातच घरं करा’

ही सूचना भली माणसं करतात आणि ऐकायला ती शहाणपणाची वाटते. पाडापाडी नको, सिमेंट वाचेल, लोकांना छप्पर मिळेल. अडचण खिडक्यांची आहे. बड्या दुकानाचा एकेक मजला साठ-सत्तर हजार चौरस फुटांचा असतो, म्हणजे प्रत्येक बाजू सत्तर-ऐंशी मीटर. दिवसाचा उजेड खिडकीपासून आत फार तर सात-आठ मीटर पोहोचतो. म्हणून मधे बोळ आणि दोन्हीकडे फ्लॅट अशी राहती इमारत अठरा-वीस मीटरपेक्षा फारशी रुंद नसते. मॉलमध्ये फक्त कडेने घरं काढली तर मधला प्रचंड भाग अंधारा राहतो, आणि उजेडासाठी चौक कापायला गेलं तर निम्मी इमारत तोडावीच लागते. पाण्याचंही तेच. मॉलमध्ये स्वच्छतागृहं एखाद-दोन कोपऱ्यांत असतात. घरांना दर काही फुटांवर नळ आणि सांडपाण्याची वाट हवी, म्हणजे प्रत्येक स्लॅबला शेकडो भोकं.

अपवाद आहेत, आणि ते लहान आहेत. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८२८ सालचं आर्केड नावाचं दुकानसंकुल आहे, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या बंदिस्त बाजारांपैकी एक. २०१३ मध्ये त्याच्या वरच्या मजल्यांवर ४८ इवलीशी घरं झाली. ते जमलं, कारण इमारत अरुंद आणि वर काचेचं छप्पर. विसाव्या शतकातल्या वातानुकूलित खोक्याला ते भाग्य नाही.

मुळात मॉलचं मोल त्याच्या इमारतीत नसतंच, ते डांबरात असतं. हजार चौरस फूट दुकानामागे चार-पाच गाड्यांची सोय करायची, आणि एका गाडीला येण्याजाण्याच्या वाटेसकट सव्वातीनशेच्या आसपास चौरस फूट लागतात. हिशेब केला तर पार्किंग दुकानापेक्षा मोठं निघतं. घरं बांधायची ती या जागेवर. कोलोरॅडोतल्या लेकवुडमध्ये १९६६ चा व्हिला इटालिया हा मॉल पाडून २००४ पासून बेलमार ही वस्ती उभी राहिली, तेव्हा शंभरावर एकरांत आधी चक्क रस्ते आखले गेले, चौक पाडले गेले. खाली दुकानं, वर घरं. दुकानं गेली नाहीत, फक्त रस्त्याकडे तोंड करून बसली.

‘मॉलमध्ये घरं ही आजकालची फॅशन’

अमेरिकेतल्या बंदिस्त उपनगरी मॉलचा जनक व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. त्याचा साउथडेल हा मॉल मिनेसोटात १९५६ साली उघडला. त्याच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळंही होतं. मालकांनी नफ्याचं तेवढं उचललं. बाकीचं कागदावर राहिलं. पुढे ग्रूएन स्वतःच या मॉलांचं पितृत्व नाकारू लागला.

‘एवढी दाटी गावाला झेपणार नाही’

५० एकरांत २,४०२ घरं म्हणजे एकरी अठ्ठेचाळीस. ठाणे-कल्याणच्या वाचकाला यात दाटी कुठली असाच प्रश्न पडेल. एकमजली बंगल्यांच्या क्युपर्टिनोला मात्र बावीस मजली मनोरे अंगावर येणार, आणि ती भावना खोटी म्हणता येत नाही. पण भावनेला जोडून जी दोन कारणं दिली जात, ती वेगवेगळी पाहायला हवीत.

पहिलं शाळांचं. शाळा ओसंडतील, ही भीती सर्वांत मोठी. प्रत्यक्षात क्युपर्टिनोच्या प्राथमिक शाळांची पटसंख्या वर्षानुवर्षं घसरत होती. घरांच्या किमती इतक्या वाढल्या की लहान मुलांच्या आईबापांना तिथे राहणं परवडेना. २०२२ मध्ये क्युपर्टिनोच्या शाळा-जिल्ह्यातल्या मायरहोल्झ आणि रेगनार्ट या शाळा मुलं नाहीत म्हणून बंद करण्यात आल्या. घरं न बांधल्याने शाळा वाचल्या नाहीत.

दुसरं कारण रहदारीचं, आणि इथे विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त बोट चुकीच्या गोष्टीकडे होतं. २०१८ च्या आराखड्यात घरांबरोबर १८ लाख चौरस फूट कचेऱ्या होत्या. माणशी दोन-अडीचशे चौरस फूट धरले तर सात ते नऊ हजार नोकरदार होतात. २,४०२ घरांत तेवढे कामकरी राहू शकत नाहीत. उरलेले रोज गाडीने येणार आणि आजूबाजूला घर शोधणार. म्हणजे घरटंचाईवरचा उपाय म्हणून आलेला प्रकल्प टंचाईत भर घालण्याची शक्यता होती. त्याला कारणीभूत घरं नव्हती, कचेऱ्या होत्या. सभांमध्ये राग मात्र बहुतेक वेळा घरांवरच निघाला.

‘परवडणारी घरं म्हणजे झोपडपट्टी’

मंजूर घरांपैकी निम्मी, म्हणजे १,२०१, परवडणाऱ्या गटातली होती. हे शब्द कानावर पडले की नाकं मुरडली जातात. २०१८ साली या सांता क्लारा काउंटीत चार माणसांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न वर्षाला १,२५,२०० डॉलर धरलं होतं, आणि ९४,४५० डॉलरपर्यंत कमावणारं कुटुंब सरकारी व्याख्येने ‘अल्प उत्पन्न’ गटात बसत होतं. त्यात शाळेतली शिक्षिका बसते, दंतवैद्याकडची मदतनीस बसते. नाकं मुरडणाऱ्यांची मुलं याच बाईंकडे शिकत होती.

‘नगरपरिषदेने गाव विकलं’

या आरोपाची गंमत अशी की नगरपरिषदेने २,४०२ घरांच्या या आराखड्यावर मतच दिलेलं नव्हतं. आधीचा प्रकल्प वेगळा होता: वर ३० एकरांची हिरवी गच्ची, २० लाख चौरस फूट कचेऱ्या, घरं मोजकीच. त्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन ठराव मतदारांपुढे आले. विकसकाचा ठराव पडला. आणि जागा दुकानांसाठीच राखावी अशा रोखाचा नागरिकांचा ठरावही पडला. गावाने दोघांनाही नाही म्हटलं आणि पेच तसाच राहिला.

तो सोडवला राज्याच्या कायद्याने. सिनेटर स्कॉट वीनर यांचा एसबी ३५ हा कायदा १ जानेवारी २०१८ ला लागू झाला. घरबांधणीचं ठरवून दिलेलं उद्दिष्ट जी शहरं पूर्ण करत नाहीत, तिथे ठराविक निकषांत बसणाऱ्या प्रकल्पाला सुनावण्यांशिवाय मंजुरी द्यावी लागते. निकष मोजता येण्याजोगे हवेत: उंची किती, अंतर किती, किमान दोन तृतीयांश क्षेत्रफळ घरांना आहे की नाही. ‘गावाच्या स्वभावाशी जुळत नाही’ हा मुद्दा तिथे चालत नाही. मार्च २०१८ मध्ये अर्ज आला, सप्टेंबरमध्ये अधिकाऱ्यांनी मंजूर केला. विरोधी नागरिकांचा गट कोर्टात गेला. मे २०२० मध्ये निकाल प्रकल्पाच्या बाजूने लागला. लोकांचा आवाज बाजूला सारला गेला, ही तक्रार म्हणून रास्त आहे. पण ती राज्याच्या विधिमंडळाकडे करायची.

शहरांना मॉल सोडवत नाहीत, त्यामागे पैसाही आहे. तिथे विक्रीकरातला, विक्रीच्या १ टक्का एवढा, भाग शहराच्या तिजोरीत पडतो, आणि १९७८ च्या प्रपोझिशन १३ या राज्यातल्या सार्वमताने मालमत्ताकर जखडून ठेवला आहे. म्हणून ओसाड मॉलसुद्धा घरांपेक्षा फायद्याचा वाटू शकतो, उद्या तो पुन्हा चालेल या आशेवर.

‘मंजुरी मिळाली, म्हणजे घरं झाली’

मंजुरीला पाच वर्षं झाली तरी त्या जागी एकही घर उभं नव्हतं. सिअर्सच्या मोटारदुरुस्ती केंद्राच्या परिसरात जमिनीत पीसीबी ही घातक रसायनं सापडली, काउंटीच्या आरोग्य खात्याने लक्ष घातलं, दरम्यान बांधकामखर्च आणि व्याजदर चढत गेले. प्रकल्पाचं नाव बदलून ‘द राइज’ झालं. २०२४ च्या सुरुवातीला सुधारित आराखडा मंजूर झाला तेव्हा घरं वाढून २,६६९ झाली, आणि परवडणाऱ्या घरांचा वाटा निम्म्यावरून एक तृतीयांशावर, ८९० वर आला. कचेऱ्या कमी झाल्या नाहीत.