बिब्ब्याचा चुलतभाऊ

मे महिन्यात मुंबईहून आलेली माझी नात परसातून धावत ओटीवर आली ती बोटं झाडतच. हिरवी काजी, म्हणजे काजूची ओली बी, विळीवर चिरायला गेली आणि चीक लागला. मी तिच्या बोटांना खोबरेल चोळलं. "बाय, आधी हातांना तेल लावायचं, मग काजी चिरायला बसायचं." फुंकर घालत तिनं विचारलं, "पण आजोबा, एवढ्या गोड बोंडवाला अशी जाळणारी बी का?"

प्रश्न चांगला होता. म्हटलं, बस इथं.

आपण ज्याला काजीचं फळ म्हणतो तो बोंडू फळ नव्हेच. तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. आधी बी वाढून पुरी होते, मग तिच्यामागचा देठ रसानं भरतो, लालपिवळा होतो, घमघमतो. झाडाला एवढंच हवं असतं की वाघळानं यावं, बोंडू न्यावा, लांब बसून खावा आणि बी खाली टाकावी. बोंडू ही त्याची हमाली. वाटेत बी कुणी चावू नये म्हणून तिच्या सालीत तो चीक भरलेला.

आजीच्या डब्यातून मी एक वाळका बिब्बा आणला. काळी, हृदयाच्या आकाराची बी. झाडावर असताना तिच्या डोक्यावरही पिकलेला नारिंगी देठ असतो, गोडसर. आत गोडंबी, सालीत कातडी जाळणारा चीक. धोबी त्याच चिकानं कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करत. पोरगी बिब्ब्याकडे बघते, काजीकडे बघते. "हे तर भाऊभाऊ दिसतात!"

आहेतच. आंबा, बिब्बा, काजू एकाच कुळातले. जुने युरोपीय वैद्य 'अ‍ॅनाकार्डियम' म्हणत ते आपल्या बिब्ब्याला. पुढे लिनीयसनं ते नाव काजूला दिलं. बिब्बा आपल्या रानातला. काजू कुठला? ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा. तिथले तुपी लोक त्याला 'अकाजू' म्हणत, पोर्तुगीजांनी त्याचं 'काजू' केलं, आणि झाडाबरोबर शब्दही आपल्या अंगणात उतरला. गंमत अशी की जर्मनीत मेसेल इथल्या सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीच्या खडकात काजूच्या बियांचे जीवाश्म सापडले आहेत, त्या फुगलेल्या देठासकट. आज जर्मनीत काजूचं एकही रान नाही. म्हणजे या कुळाचा प्रवास माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

"पण असं जगभर फिरणं म्हणजे जागतिकीकरण ना? वर्गात तर सांगितलं की ते 1991 साली सुरू झालं."

1991 साली आपल्या देशानं बाजाराची दारं मोठी उघडली, ते खरंच. पण हा समोरचा घाट बघ. वर दाजीपूर, पलीकडे राधानगरी, कोल्हापूर. खाली देवगड, विजयदुर्ग. बैलांच्या पाठीवर मीठ चढायचं, गूळ उतरायचा. इथून उत्तरेला वाघोटन खाडीवरच्या खारेपाटणला एक ताम्रपट मिळाला, शके 930 मधला, म्हणजे इसवी सन 1008 चा. शिलाहार राजा रट्टराजानं त्यात देवळाला दान लिहून दिलंय: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं. परदेशी जहाजं नेमानं येत असल्याशिवाय असं दान कोण लिहील? त्याच्याही आधीचं कोल्हापूरचं ब्रह्मपुरी. तिथं 1940 च्या दशकात उत्खननात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती निघाली. कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी जाऊन बसला होता.

मग 1498 साली वास्को द गामा कालिकतला पोचला, ओढ मिऱ्याची. तो बघ फणसावर चढलेला मिऱ्याचा वेल. तो मात्र मूळचा याच घाटातला. त्याच्यासाठी माणसं अर्धं जग फिरून आली. मिरी घेऊन गेली आणि सोळाव्या शतकात काजू ठेवून गेली. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली, अमेरिकेतून. वेंगुर्ल्याला 1637 साली डचांनी वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत.

नंतर माणसंही हलली. तुझा पणजोबा याच गावातून मुंबईला गिरणीत गेला, म्हणून तू चाकरमान्याची पोर. हाही जागतिकीकरणाचाच एक प्रकार, कारण त्या गिरण्यांना बळ मिळालं ते 1860 च्या दशकातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धानं. तिथला कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशाचा काही भाग पुढं गिरण्यांत गेला.

आता सगळ्यात वेगानं हलतो तो भाव. पोर्तुगीजांनी काजू मोझांबिकलाही नेला होता. आज आफ्रिकेत, विशेषतः आयव्हरी कोस्टमध्ये, अफाट काजू पिकतो, आणि तिथल्या कच्च्या बिया जहाजातून भारतातल्या कारखान्यांत येतात. आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा टपोऱ्या जाती दिल्या. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. तरी आफ्रिकेची बी स्वस्त आली की इथं विकत घेणारा दर पाडतो. वर्षभर राखलेल्या बागेचा हिशोब बोटीवर ठरतो, हे मला डाचतं. एकाच ब्राझिली झाडाची दोन भावंडं चारशे वर्षांनी कारखान्यात भेटतात आणि एकमेकांचा भाव पाडतात. बी आनंदानं फिरली, तिला काही डाचत नाही. डाचतं ते माणसाला, कारण जी झाडं आपण लावली त्यांच्या भावावर आपला हात नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि वाघळांना कोणी शिकवलं?"

हेच मला सगळ्यात आवडतं, बाय. ब्राझीलची वाघळं वेगळ्या कुळातली, आपली वेगळ्या. आपल्या वाघळांनी काजू आधी कधी पाहिलेला नव्हता. पण बोंडवाचा वास ओळखायला त्यांना पोर्तुगीज भाषा शिकावी लागली नाही.

त्या रात्री आम्ही ओटीवरचे दिवे घालवले. मांगराच्या पलीकडे पंखांची फडफड झाली, मग कौलावर टप्प् आवाज आला. सकाळी उठून नातीनं सुरंगीच्या झाडाखालून सात बिया वेचल्या. आमच्या परसात काजूची झाडं तीनच आहेत, आणि सुरंग तिथून खूप लांब.