सुरू होऊन बंद पडणारें ऑइल इंजिन

गहू फुलोऱ्यावर असतांना पाण्याची पाळी चुकली, तर तो तोटा पुढें कितीहि पाणी दिलें तरी भरून निघत नाहीं. नेमक्या अशाच वेळीं विहिरीवरील इंजिन हँडल मारतांच सुरू होतें, चार-पांच मिनिटें चालतें आणि बंद पडतें, हा अनुभव पुष्कळ बागाईतदारांस आला असेल. मग घाईनें पंप खोलला जातो, नोझल तालुक्याच्या गांवीं पाठविलें जातें, दोन दिवस व बरेच पैसे खर्ची पडतात. आणि अखेर दोष निघतो तो टाकीच्या झांकणाच्या भोकांत. इंजिनाची रचना थोडी ध्यानांत घेतली असतां हा खर्च बहुधा टाळतां येतो.

रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, त्यामुळें ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि तींत डिझेलचा फवारा उडतांच तो पेट घेतो. तेव्हां जें इंजिन सहज सुरू झालें, त्यांत दाब पुरेसा आहे व नोझल फवारा देत आहे, हें उघड झालें. दोष बहुधा त्यांच्या अलीकडे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेंत असतो. पांच अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण भारावर तासास सुमारें सव्वा लिटर डिझेल जाळतें. नळी व फिल्टर यांत शंभर मिलिलिटर डिझेल असेल, तर तेवढ्यावर तें पांचएक मिनिटें चालेल. सुरू होऊन बंद पडण्याचें मर्म हेंच होय.

म्हणून शोध टाकीपासून पुढें, क्रमानें करावा.

पहिली गोष्ट, टाकींत डिझेल पुरेसें आहे काय, कॉक पुरता उघडा आहे काय व इंजिन बंद करण्याचा दांडा पूर्ण मागें आला आहे काय, हें पाहावें.

दुसरी गोष्ट, झांकणाचें भोंक. तें मातीनें किंवा कुंभारणीच्या घरट्यानें बुजलें, तर डिझेल खालीं गेल्यावर त्याची जागा घेण्यास हवा आंत येत नाहीं आणि धार आटते. झांकण सैल करून इंजिन चालवावें. तें न थांबतां चालूं लागलें, तर दोष सांपडला.

तिसरी गोष्ट, पाणी. टाकीच्या तळाचें थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत काढून स्थिर ठेवावें. पाणी असल्यास खालीं बसतें. तें सर्व काढून टाकावें.

चौथी गोष्ट, फिल्टर. इंजिन मोकळें बरें चालतें, परंतु पंपाचा भार पडतांच मंदावतें, तर फिल्टर तुंबल्याचा संशय घ्यावा. फिल्टरकडे येणारी नळी सोडून पाहावी. टाकी उंचावर असतांहि तिच्यांतून धार बारीक येत असेल, तर कॉक किंवा नळी तुंबली आहे. धार चांगली असेल, तर फिल्टर बदलावा.

पांचवी गोष्ट, हवा. टाकी एकदां कोरडी पडली किंवा फिल्टर खोलला कीं वाटेंत हवा शिरते. इंजिनाची गति वरखालीं होते आणि तें थांबतें. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहूं द्यावें व स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रूचें तसेंच करावें. नोझलचा फवारा मात्र हातावर कधींहि घेऊं नये. त्याचा दाब इतका असतो कीं डिझेल कातडींत शिरतें व मोठी इजा होते.

इतकें करूनहि गुण न आला, तर मिस्त्रीस बोलवावें व काय काय पाहिलें तें त्यास सांगावें. धूर काळा येत असेल, तर हवेच्या फिल्टरची घाण अगोदर काढावी.

एक प्रकार मात्र निराळा आहे. इंजिन बराच वेळ चालून, अतिशय तापून थांबलें व हँडल जड लागूं लागलें, तर डिझेलकडे पाहूं नये. गार करणारें पाणी बंद पडलें असेल किंवा वंगण संपलें असेल. असें इंजिन निवेपर्यंत फिरवूं नये, आणि त्यावर गार पाणीहि ओतूं नये. तापलेलें हेड तडकतें.

डिझेल गाळून भरणें, टाकी रात्रीं भरलेली ठेवणें म्हणजे आंत दंव धरत नाहीं, आणि झांकणाचें भोंक महिन्यांतून एकदां तारेनें साफ करणें, एवढी दक्षता बाळगावी. पाण्याची पाळी सुरू होण्यापूर्वीं आठ दिवस इंजिन अर्धा तास भारावर चालवून पाहावें. त्या दिवशीं तें बंद पडलें तर दुरुस्तीस अवधि मिळतो. पिकानें मान टाकल्यावर तो मिळत नाहीं.