किवी (फळ)

किवी किंवा किवीफळ (शास्त्रीय नाव: ॲक्टिनिडिया डेलिसिओसा) हे ॲक्टिनिडिएसी कुळातील एका काष्ठमय वेलीचे खाद्य फळ आहे. साधारण कोंबडीच्या अंड्याएवढ्या या फळाची साल तपकिरी व लवदार असते. गर हिरवा व आंबटगोड असून पांढरट गाभ्याभोवती बारीक काळ्या बिया असतात. फळात क जीवनसत्त्व विपुल असते. पिवळ्या गराचे किवी ॲक्टिनिडिया चायनेन्सिस या निकटच्या जातीपासून मिळते. हे फळ मूळचे चीनमधील असले, तरी त्याचे नाव आणि व्यापारी स्वरूप न्यूझीलंडमध्ये घडले.

उगम

ही वेल चीनमध्ये, विशेषतः यांगत्से नदीच्या खोऱ्यातील डोंगराळ वनांत, नैसर्गिकरीत्या वाढते. तिच्या फळास चिनी भाषेत 'मिहौताओ', म्हणजे 'माकडाचे पीच', असे म्हणतात. चीनमध्ये पूर्वी ही फळे प्रामुख्याने रानातून गोळा केली जात. त्यांच्या बागा क्वचितच लावल्या जात.

न्यूझीलंडमधील आगमन

वांगानुई येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मेरी इझाबेल फ्रेझर यांनी १९०४ मध्ये चीनमधील यीचांग येथून या वेलीचे बी न्यूझीलंडमध्ये आणले. त्यांची बहीण तेथे मिशनरी होती. हे बी ॲलेक्झांडर ॲलिसन यांच्याकडे पोहोचले आणि त्यापासून वाढलेल्या वेलींना १९१० मध्ये प्रथम फळे आली. या वनस्पतीत नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात, त्यामुळे फलधारणेसाठी दोन्ही प्रकारच्या वेली जवळ असाव्या लागतात. वांगानुईच्या रोपांत दोन्ही प्रकार निघाले, हा निव्वळ योगायोग होता.

पुढे ऑकलंडचे रोपवाटिकाधारक हेवर्ड राइट यांनी निवडलेले वाण त्यांच्याच नावाने 'हेवर्ड' म्हणून प्रसिद्ध झाले. त्याची फळे मोठी असून शीतगृहात दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे जहाजाने दूरच्या बाजारपेठेत माल पाठवणे शक्य झाले. १९५२ मध्ये ब्रिटनला पहिली निर्यात झाली.

नाव

न्यूझीलंडमध्ये या फळास 'चायनीज गूजबेरी' म्हणत. वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या गूजबेरीशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील विक्रीसाठी हे नाव गैरसोयीचे ठरल्याने टर्नर्स अँड ग्रोअर्स या निर्यातदार कंपनीने प्रथम 'मेलोनेट' हे नाव सुचवले. मात्र अमेरिकेत मेलन वर्गातील फळांवर अधिक आयात शुल्क असल्याने ते मागे पडले. जून १९५९ मध्ये 'किवीफ्रूट' हे नाव स्वीकारण्यात आले.

राष्ट्रीय संस्कृतीतील स्थान

किवी हा न्यूझीलंडचा उडू न शकणारा पक्षी असून त्याचे नाव माओरी भाषेतील आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून न्यूझीलंडच्या सैनिकांना, व पुढे सर्वच नागरिकांना, 'किवी' म्हटले जाऊ लागले. फळास हे नाव त्यानंतर कित्येक दशकांनी मिळाले. त्यामुळे देशाचे नाव फळावरून पडले, हा समज चुकीचा आहे. न्यूझीलंडमध्ये आजही नुसते 'किवी' म्हटल्यास पक्षी अथवा व्यक्ती असा अर्थ घेतला जातो. फळास आवर्जून 'किवीफ्रूट' म्हणतात. माओरी भाषेत त्यास 'हुआकिवी' असे नाव आहे. 'पाव्हलोव्हा' या गोड पदार्थावर किवीच्या चकत्या मांडण्याची पद्धत तेथे रूढ आहे. लागवडीचे प्रमुख केंद्र असलेले टे पुके हे शहर स्वतःस 'जगाची किवीफळ राजधानी' म्हणवते.

किवीफ्रूट या नावावर न्यूझीलंडचा एकाधिकार राहिला नाही. इतर देशांतील उत्पादकही तेच नाव वापरू लागल्याने आपला माल वेगळा ओळखता यावा म्हणून १९९७ मध्ये 'झेस्प्री' ही स्वतंत्र व्यापारी ओळख निर्माण करण्यात आली. २०१० मध्ये टे पुके परिसरात 'पीएसए' या जिवाणूजन्य रोगाचा प्रादुर्भाव झाला. त्यात सोनेरी किवीच्या तत्कालीन वाणाच्या बागा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या आणि अधिक सहनशील वाण लावावे लागले.

सद्यस्थिती

आज किवीच्या उत्पादनात मूळ देश चीन जगात प्रथम स्थानी असून न्यूझीलंड व इटली हे अन्य प्रमुख उत्पादक आहेत. भारतात अरुणाचल प्रदेश व हिमाचल प्रदेशासारख्या थंड हवामानाच्या डोंगराळ राज्यांत किवीची लागवड होते.