अंधार राखून उजेड वाढवताना

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री गावच्या देवळापुढची दीपमाळ उजळली, तेव्हा आत्या हातात पणती घेऊन पायरीशी उभी होती. मी फोटो काढला. घरी येऊन संगणकावर उघडला, तर पणतीची ज्योत आणि दीपमाळेवरचे दिवे तेवढे दिसत होते. आत्याचा चेहरा, काळा दगड, मागचा पिंपळ, सगळं काळोखात बुडालेलं. फोटोग्राफरच्या भाषेत फोटो ‘अंडर’ आला होता.

असा एखादा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उजळता येतो. पण किती उजळायचा, हे ठरवण्याआधी अंधारात कॅमेऱ्याचं काय होतं ते समजून घ्यायला हवं.

अंगणात वाट्या मांडून पाऊस धरावा, तसा कॅमेऱ्याचा सेन्सर प्रकाशाचे कण धरतो. मुसळधार पावसात शेजारशेजारच्या वाट्या जवळपास सारख्याच भरतात. नुसती भुरभुर असेल, तर एका वाटीत पाच थेंब पडतात आणि दुसरीत नऊ. प्रकाशाचंही तसंच. एका ठिपक्यावर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर चढउतार साधारण १०० कणांचा, म्हणजे १ टक्का असतो. १०० कणच पडत असतील, तर तो १० कणांचा, म्हणजे १० टक्के होतो. उजळलेल्या फोटोत दिसणारी रवाळ खरखर, म्हणजे नॉइज, मुख्यतः इथून येते. सॉफ्टवेअर नवा प्रकाश आणत नाही, सेन्सरने टिपलेल्या आकड्यांना ते गुणतं. त्या गुणाकारात आत्याचा चेहरा वर येतो, आणि त्याच्याबरोबर खरखरही.

म्हणून फोटो कोणत्या स्वरूपात साठवला आहे, हे महत्त्वाचं. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेले कच्चे आकडे, १४ बिटची असेल, तर १६,३८४. मात्र या पायऱ्यांची वाटणी समान नसते. उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या टप्प्याला स्टॉप म्हणतात. सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला ८,१९२ पायऱ्या जातात, त्याखालच्याला ४,०९६, आणि अशा निम्म्या-निम्म्या होत आठव्या स्टॉपपर्यंत ६४ उरतात. रॉमध्येही काळोखाच्या वाट्याला इतकं थोडं येतं, तर जेपेगमधला काळोख फार ताणला की फोटो फाटणारच. रात्री फोटो काढायचे असतील, तर रॉचा पर्याय आधीच चालू करून ठेवावा. हल्ली बऱ्याच मोबाइलमध्येही तो असतो.

आता काम. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअर आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड आहे, आणि लाइटरूम तर अनेकांच्या ओळखीचं. सगळ्यांत क्रम साधारण एकच. एक्सपोजर थोडंसंच वाढवायचं, हायलाइट्स खाली आणून ज्योत सांभाळायची, मग शॅडोज हळूहळू वर. ज्योत पूर्ण पांढरी होऊन गेली असेल, तर तिच्यातला रंग परत येत नाही. म्हणून रात्री दिव्यांना सांभाळून फोटो थोडा अंडर काढलेला बरा.

रंगाचं काम नाजूक असतं. तेलाच्या दिव्याचा उजेड तांबूस-पिवळा. व्हाइट बॅलन्स आपोआप होऊ दिला, तर सॉफ्टवेअर तो पांढरा करू पाहतं आणि पणतीजवळचा चेहरा ट्यूबलाइटखाली बसवल्यासारखा दिसतो. पिवळेपणा थोडा उतरवावा, पुसून टाकू नये.

सगळा फोटो एकसारखा उजळण्याऐवजी मास्क करून हवा तेवढाच भाग उजळणं अधिक चांगलं. ही युक्ती संगणकाच्या आधीची. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये काढला. घाईत प्रकाशमापक सापडेना, म्हणून चंद्राच्या ठाऊक असलेल्या तेजावरून त्यांनी एक्सपोजर ठरवलं. निगेटिव्हमध्ये खालचा गावाचा भाग फिका राहिला. १९४८ मध्ये त्यांनी तेवढ्याच भागावर रासायनिक प्रक्रिया करून त्याला बळ दिलं. पुढच्या काळातल्या प्रिंटमध्ये वरचं आकाश ते अधिकाधिक काळं करत गेले. डार्करूममध्ये प्रिंट काढताना पुठ्ठ्याच्या तुकड्याने प्रकाश अडवून एखादा भाग उजळ ठेवण्याला डॉज म्हणत, जास्त प्रकाश देऊन गडद करण्याला बर्न. १९९० मध्ये आलेल्या फोटोशॉपमधल्या हत्यारांना हीच नावं आहेत.

नॉइज काढण्याचं काम हलक्या हाताने करावं. जास्त काढलं, तर त्वचा मेणासारखी होते आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात. आत्याच्या सुरकुत्या घालवून आत्या कशी उरेल? त्यापेक्षा फोटो काढतानाच जास्त प्रकाश गोळा करणं बरं. मोबाइलचा नाइट मोड तेच करतो. तो एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो, एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. १६ फोटोंची सरासरी काढली, तर नॉइज चौथाईवर येतो. मात्र तेवढा वेळ मोबाइल स्थिर धरावा लागतो आणि समोरच्या माणसानेही हलू नये.

आत्याच्या फोटोत पहिल्यांदा मी शॅडोजचा स्लायडर शेवटापर्यंत ओढला. सगळं दिसू लागलं: भिंतीला टेकवलेली शिडी, पाण्याचं निळं पिंप, डोक्यावरच्या वायरी. पण ती रात्र उरली नव्हती. ढगाळ दुपारी कुणीतरी उगाच पणती लावल्यासारखं दिसत होतं. ज्योतीचा एकही ठिपका मी बदलला नव्हता, तरी ती विझल्यासारखी झाली होती, कारण तिच्याभोवतीचा अंधार मी काढून घेतला होता.

मग सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. फक्त आत्याचा चेहरा, पणतीभोवतीचे तळवे आणि दीपमाळेची एक कड उजळली. बाकीचं काळं राहू दिलं, वायरींजवळ तर ते आणखी गडद केलं. पहिली प्रिंट फारच काळी आली, कारण स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून मी काम केलं होतं. तो निम्म्यावर आणून फोटो पुन्हा सुधारला आणि दुसरी प्रिंट काढली.

ती आत्याच्या हातात दिली. चेहऱ्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, पण तिने बोट ठेवलं ते पणतीवर. म्हणाली, “वारा होता रे तेव्हा. बघ, वात कशी वाकलीय.” वात मी उजळली नव्हती. तिच्याभोवतीचा काळोख तेवढा तिला परत दिला होता.