सतरा वर्षांचा मिडफिल्डर पुढे काय करेल, हे ओळखता येतं का?

आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण तो ज्यांच्या घरी चौदा-पंधरा वर्षांचा खेळाडू आहे त्यांच्यासाठी जास्त आहे. तुम्ही बडोद्यात असा, बेंगळुरूत असा, कोल्हापुरात किंवा मडगावात, प्रश्न सगळीकडे एकच असतो. पोरगा मिडफिल्डला खेळतो, प्रशिक्षक म्हणतात 'मटेरियल आहे', निवासी अकॅडमीची ट्रायल आली आहे आणि दहावीचं वर्ष तोंडावर आहे. आता करायचं काय? याच्या आत आणखी एक प्रश्न लपलेला आहे: हा मुलगा खरंच पुढे जाईल का, हे आज कुणाला सांगता येतं का?

आधी एक यादी बघू. सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक दर दोन वर्षांनी व्हायचा. सर्वोत्तम खेळाडूला गोल्डन बॉल मिळतो. म्हणजे जगातली त्या वयाची सगळी चांगली पोरं एका जागी, तज्ज्ञांसमोर खेळली आणि त्यातून एक निवडला गेला. यापेक्षा चांगली परीक्षा कुठली घेणार? आता या विजेत्यांमधले मिडफिल्डर वेगळे काढा. २००३ मध्ये स्पेनचा सेस्क फाब्रेगास, २००५ मध्ये ब्राझीलचा अँडरसन, २००७ मध्ये जर्मनीचा टोनी क्रूस, २०११ मध्ये मेक्सिकोचा हुलिओ गोमेझ, २०१५ मध्ये नायजेरियाचा केलेची न्वाकाली आणि २०१७ मध्ये, आपल्याच देशात झालेल्या स्पर्धेत, इंग्लंडचा फिल फोडेन.

फाब्रेगास, क्रूस आणि फोडेन ही नावं फुटबॉल न बघणाऱ्यांनीही ऐकली असतील. फाब्रेगास त्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, आर्सेनलच्या मुख्य संघातून खेळला आणि पुढे स्पेनबरोबर विश्वविजेता झाला. क्रूसनेही विश्वचषक जिंकला आणि चॅम्पियन्स लीग तब्बल सहा वेळा. फोडेन २०२३-२४ च्या हंगामात प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उरलेले तिघे? हुलिओ गोमेझने उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध डोक्याला बँडेज बांधून ओव्हरहेड किक मारली, अख्ख्या मेक्सिकोने त्याला डोक्यावर घेतलं, आणि काही वर्षांत तो खालच्या डिव्हिजनमध्ये हरवला. न्वाकाली नायजेरियाचा विजेता कर्णधार. आर्सेनलने त्याला घेतलं, पण मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. नंतर तो नायजेरियाच्या सीनियर संघात आला, पण अपेक्षा त्याहून फार मोठ्या होत्या. अँडरसन मँचेस्टर युनायटेडला गेला, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पेनल्टी मारली, युरोपातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा गोल्डन बॉय पुरस्कार मिळवला आणि तिथून उतरणच लागली.

सहापैकी तीन. नाणं उडवलं असतं तरी साधारण हेच आलं असतं, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण लाखो मुलांमधून निवडलेल्या सहापैकी तिघे जगातल्या उत्तम खेळाडूंमध्ये जाणं ही चेष्टा नाही. पण जगातल्या सर्वोत्तम नजरांनाही निम्म्याच वेळा बरोबर सांगता आलं, हे लक्षात ठेवा. मग आपल्या जिल्ह्याच्या ट्रायलला दोन तासांत ऐंशी मुलं बघणारा निवडकर्ता काय सांगणार? त्याचा दोष नाही, काम अवघड आहे.

मिडफिल्डरच्या बाबतीत तर ते जास्तच अवघड आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या धावा फळ्यावर दिसतात. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात. कबड्डीत रेडरचे गुण दिसतात, पण कोपऱ्यावर उभा राहून चढाईची वाट बंद करणारा खेळाडू गुणफलकात फारसा दिसत नाही. मिडफिल्डर हा तसा कोपरारक्षक आहे. त्याचं निम्मं काम चेंडू त्याच्याकडे येण्याआधी होऊन गेलेलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट बघायची ती मान. हो, मानच. नॉर्वेचे संशोधक गाइर यॉर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंवर कॅमेरे लावून एक साधी गोष्ट मोजली: चेंडू मिळण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू चेंडूवरून नजर काढून किती वेळा आजूबाजूला बघतो. जे जास्त वेळा बघत होते त्यांचे पास जास्त अचूक जात होते. सगळ्यात वरच्या खेळाडूंमध्ये फ्रँक लॅम्पार्ड होता, सेकंदाला ०.६ च्या आसपास. म्हणजे दहा सेकंदांत सहा वेळा मान वळलेली. हा माणूस काही फार वेगवान नव्हता, पण चेंडू पायाशी येईपर्यंत मैदानाचा नकाशा त्याच्या डोक्यात तयार असायचा.

हे घरी तपासता येतं, खर्च शून्य. पुढच्या सामन्यात मोबाइल घेऊन उंच जागी उभे राहा आणि चेंडूचा पाठलाग करत व्हिडिओ काढू नका. वीस मिनिटं फक्त आपल्या मुलावर कॅमेरा ठेवा. आपण बहुतेक जण गोल आणि ड्रिबल टिपत राहतो, आणि मग तेवढंच दाखवतो नातेवाइकांना. संध्याकाळी शांतपणे बघा. पास यायच्या आधी तो मागे बघतो का? बघितल्यावर शरीर आडवं वळवतो का, म्हणजे एका स्पर्शात पुढे जाता येईल असा उभा राहतो का? की गोलाकडे पाठ करून चेंडू घेतो आणि ज्याने दिला त्यालाच परत देतो? पाठीवर कुणी आल्यावर त्याचा पहिला स्पर्श मोकळ्या जागेत जातो की समोरच्याच्या पायात? वेग, दम, फटक्याची ताकद यांच्याबद्दल मी फार बोलत नाही, ते कुणालाही दिसतं आणि त्यातलं बरंचसं वय वाढलं की बदलतं.

आता वयाचंच बोलू, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. फुटबॉलमध्ये वयोगटाची तारीख साधारण १ जानेवारी असते. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे किती, हे कुठल्याही आईला विचारा. त्यात एकाला लवकर मिसरूड फुटतं, दुसऱ्याला सोळाव्या वर्षी. म्हणून जगभरच्या अकॅडम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त सापडतात. इंग्लंडच्या काही अकॅडम्यांनी यावर उपाय म्हणून जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीप्रमाणे गट पाडून सामने खेळवून पाहिले. त्यातला फायदा दुहेरी आहे. लहानखुऱ्या मुलाला दाखवायची संधी मिळते, आणि धिप्पाड मुलाला पहिल्यांदाच ताकदीऐवजी डोकं वापरावं लागतं.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि ती बोलून दाखवायला हवी: वयाचे खोटे दाखले. फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचं एमआरआय सुरू केलं ते काही उगाच नाही. दोन वर्षं वय लपवून खेळलेला मुलगा पंधराव्या वर्षी वाघ दिसतो आणि एकोणिसाव्या वर्षी सामान्य. फसवणूक इतरांची होते, पण जास्त फसतो तोच, कारण अडचणीतून डोकं चालवून बाहेर पडायची सवय त्याला लागलेलीच नसते.

उलट बाजूला लुका मॉद्रिच. लहान चणीचा म्हणून हायडुक स्प्लिटने त्याला लहानपणी नाकारलं. डिनामो झाग्रेबने घेतलं आणि अठराव्या वर्षी बोस्नियाच्या लीगमध्ये लोनवर पाठवलं. तिथली मैदानं खडबडीत, खेळ धसमुसळा. त्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॅलन डी'ऑर मिळाला तो २०१८ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी. पंधराव्या वर्षी त्याला बघून कुणी हे लिहून दिलं असतं का? मला वाटत नाही. पण कुणी दर सहा महिन्यांनी बघितलं असतं तर एक गोष्ट नक्की दिसली असती: प्रत्येक वेळी सामना अवघड झाला आणि तो त्यात टिकला.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. मुलगा आज किती चांगला आहे हे बघू नका, तो गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे गेला हे बघा. जिल्ह्यात सगळ्यात भारी असलेला पण दोन वर्षं तिथेच थांबलेला मुलगा, आणि संघात जेमतेम जागा मिळवणारा पण दर हंगामाला नवं काही शिकणारा मुलगा, यांत मी दुसऱ्यावर पैसे लावेन.

पण मग जॅक विल्शेअरचं काय? हा मुलगा चढतच होता. फेब्रुवारी २०११ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, आर्सेनलकडून तो बार्सिलोनाविरुद्ध उतरला. समोर झावी, इनिएस्टा, बुस्केट्स. आर्सेनल २-१ ने जिंकलं आणि मैदानाच्या मध्यात सगळ्यांना दिसला तो विल्शेअर. मान वळवणं, पहिला स्पर्श, अंगावर येणाऱ्याला चुकवून पुढे निघणं, सगळं होतं. त्या हंगामात तो क्लबकडून जवळजवळ पन्नास सामने खेळला. पुढच्या हंगामाच्या तयारीत घोटा दुखावला आणि २०११-१२ चा अख्खा हंगाम गेला. नंतर घोटा, पाय, पुन्हा घोटा. तिसाव्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याने खेळ सोडला. इथे पारखणाऱ्यांची नजर चुकली नव्हती, शरीराने साथ सोडली. अलीकडे पेड्रीने २०२०-२१ मध्ये क्लब, युरो आणि ऑलिंपिक मिळून सत्तरहून अधिक सामने खेळले, अठराव्या वर्षी. पुढची वर्षं मांडीच्या स्नायूंच्या दुखापतींत गेली. तो सावरला, सगळे सावरत नाहीत.

आपल्या पोरांना सत्तर सामने कुठे मिळतात, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण शाळेचा संघ, क्लबचा संघ, जिल्हा, मग गल्लीतली सेव्हन-अ-साइड स्पर्धा, तीही टणक मैदानावर, असा हिशेब केला तर आठवड्याला किती दिवस पाय वापरले जातात? आणि प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपलाच हिशेब माहीत असतो. हा एकत्र हिशेब घरच्यांनीच ठेवायला लागतो. वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखतं असं मुलगा म्हणाला तर 'चालायचंच' म्हणून मलम चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

उरला प्रश्न जागेचा. क्रूसला बायर्नमध्ये पुरेसं खेळायला मिळत नव्हतं, तेव्हा तो दीड वर्षं लेव्हरकुसेनला लोनवर गेला आणि तिथे घडला. फोडेन लोनवर गेलाच नाही, सिटीतच राहिला आणि तोही घडला. म्हणजे नियम एकच नाही. पण दोघांच्या मागे त्यांना ओळखणारा, पुढचा टप्पा आखणारा कुणीतरी होता. न्वाकाली मात्र तीन वर्षांत एका लोनवरून दुसऱ्यावर फिरत राहिला.

आपल्या २०१७ च्या संघाकडेही याच नजरेने बघा. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून विश्वचषकातला भारताचा पहिला गोल करणारा जिक्सन सिंग मिडफिल्डरच होता. पुढे केरला ब्लास्टर्समध्ये त्याला सलग हंगाम मिळाले आणि तो सीनियर भारतीय संघात रुळला. त्याच संघाचा कर्णधार अमरजित सिंग कियाम, तोही मिडफिल्डर, तोही सीनियर संघापर्यंत पोहोचला, पण तिथे त्याला पाय रोवता आले नाहीत.

तर ट्रायलचं पत्र हातात आहे. अकॅडमीला जाऊन मैदान चांगलं आहे का हे विचारू नका, ते दिसतंच. हे विचारा: वर्षाला किती स्पर्धात्मक सामने होतात आणि माझ्या मुलाला त्यातली किती मिनिटं मिळतील? फिजिओ मैदानावर असतो की फक्त कागदावर? शाळा कोणती, दहावी-बारावीला बसतात का, निकाल काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन वर्षांपूर्वी ज्यांना तुम्ही परत पाठवलं ती मुलं आज काय करतात? या शेवटच्या प्रश्नाला ज्या अकॅडमीचा माणूस गडबडून विषय बदलतो, तिथली फी भरायच्या आधी आणखी एक अकॅडमी बघून या. आणि त्या वीस मिनिटांच्या व्हिडिओवर तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांनी दुसरा काढा आणि दोन्ही मुलाबरोबर बसून बघा, आधी त्यालाच बोलू द्या.