घड्याळ मोजते पावले, कष्ट नव्हे!



पावले मोजणारे स्वस्त घड्याळ आता खेडोपाडीही मनगटावर दिसते. मीही एक वापरतो. पण ध्यानात घ्या, ते पाय पाहत नाही, हाताची हालचाल मोजते. म्हणून ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी बसल्या जागी पावले वाढू शकतात. डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्या बाईची मात्र कमी भरतात. दिवसभर खुरपले तरी आकडा लहानच! तेवढ्यावरून घरच्या लक्ष्मीचे कष्ट कमी समजू नका.

नाडीचे ठोके ते हिरव्या उजेडाने टिपते. पट्टा सैल असला की चुकते. तेव्हा छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला, तर आकडा पाहत बसू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा. घड्याळाला सोबती करा, कारभारी नको.